असावा

बोंद्रे मॅडमनी वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून दिली.
डावीकडे शाईनं : जे दिसलं ते.
उजवीकडे पेन्सिलीनं : जे वाटलं ते.
"रेघ ओलांडायची नाही," म्हणाल्या,
"तिथंच सगळे घसरतात."

पहिल्याच दिवशी मी घसरले.
म्हसवडच्या वरच्या अंगाला, माणगंगेच्या कोरड्या पात्रात
रात्रीच्या दवानं दबलेली वाळू,
आणि मी डावीकडे, शाईनं, ठसठशीत :
लांडगा गेला.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "पाहिलास?"
"नाही."
"मग?"

मग खोडलं. पुन्हा लिहिलं :
ठसे, एकोणीस. चार बोटं. नख्या उमटलेल्या.
लांबी नऊ सेंटिमीटर, पट्टीनं मोजून.
दिशा ईशान्य.
आणि रेघेपलीकडे, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
लांडगा असावा.

इतका सभ्य शब्द घरात होता
आणि माझं कधी लक्ष नव्हतं.
आई रोज वापरते, "दूधवाला येऊन गेला असावा,"
बाहेर पातेलं भरलेलं पाहून.
दार वाजवून आत येणारा शब्द,
खुर्ची दिली तरच बसणारा.
त्यापुढं "दिसतं" लबाड.
"पाऊस थांबलेला दिसतोय" म्हणतो आपण
खिडकीही न उघडता.

धुळा हाके. मेंढ्या दीडशे, वय त्यालाही माहीत नाही.
(मी लिहिलं : केस पांढरे, दात बरेचसे शाबूत.)
ठशांच्या कडेकडेनं काठी टेकत शेवटपर्यंत गेला,
परत आला, तंबाखू मळली, म्हणाला,
"लांडगाच हाय."
"कशावरून?"
"कुत्रं असं सरळ जात न्हाय, बाई.
कुत्र्याला वाटंत धा कामं असत्यात."

मी मागं वळून पाहिलं.
एकोणीस ठसे, सुतानं आखल्यासारखे,
मागचा पाय पुढच्याच्याच खड्ड्यात.
हे मीही पाहिले होते. पट्टी लावून, गुडघे टेकून.
सरळ आहेत,
एवढं मात्र लिहिलं नव्हतं.

गुरुवारी त्याचं कोकरू गेलं.
वनरक्षक मोटरसायकलवरून पंचनाम्याला आला.
छापील कागदावर "प्राण्याचे नाव" पुढं एकच ओळ,
मधे रेघ नाही.
"कुत्रं लिहू?" त्यानं विचारलं.
कुत्र्याच्या दातांना भरपाई नसते,
हे तिघांनाही ठाऊक होतं.
धुळा खाली मातीकडे बघत राहिला.
मी वही पुढं केली :
मानेवर सुळ्यांच्या खुणा, दोन जोड्या.
फरफट, चाळीस पावलं. ठसे, एका ओळीत.
"ते ठीक आहे हो," वनरक्षक म्हणाला, "पण लांडगा का?"
"असावा," मी म्हणाले.
त्यानं लांडगा तेवढा लिहिला.
असावा बसेल एवढी जागा कागदावर नव्हती.

मग वाड्यावर, मेंढ्यांच्या वासात, चहा.
धुळाची सून बघत होती :
गळा मोकळा. हातात पुरुषी घड्याळ.
"मालक कुठं असत्यात?" तिनं सरळच विचारलं.
मी गवताची काडी मोडली, कुठल्याशा पाखराचं नाव विचारलं.

धुळा बोलला नाही.
पण त्याची नजर माझ्या डाव्या हातावर आलेली
मला दिसली, शाईनं लिहिते,
त्या बोटावर, जिथं उन्हानं रापलेल्या कातडीत
अंगठीएवढा फिका पट्टा अजून उरला आहे.
क्षणभरच थांबली. वाळूत थांबायची तशी.
मग त्यानं चहाचा पेला
काठीच्या टोकानं माझ्याकडं सरकवला
आणि सुनेला म्हणाला, "साखर टाक अजून."

एवढं वाचता येणाऱ्या माणसानं
उजवीकडचं पान कोरं ठेवलं.

ठेवलं असावं.